स्टिकरच्या मागचा डॉक्टर

मित्रांनो, हेल्मेटवर लेख आहे म्हटल्यावर तुमच्यातले निम्मे जण पान उलटणार, हे मला माहीत आहे. ट्रॅफिक पोलिसांचं पोस्टर वाटतं ना? पण दोन मिनिटं थांबा. हा लेख एका माणसाबद्दल आहे. त्याचं नाव मला स्वतःला गेल्या वर्षापर्यंत माहीत नव्हतं आणि ते कळलं तेसुद्धा एका भांडणातून. (माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला, प्लीज!)

तर झालं असं. आमच्या टीमने बाहा स्पर्धेसाठी गाडी बनवायला घेतली. ज्यांना बाहा माहीत नाही त्यांच्यासाठी : एस.ए.ई. इंडियाची ही स्पर्धा २००७ साली पिथमपूरला सुरू झाली. इंजिनिअरिंगच्या मुलामुलींनी स्वतः डिझाइन केलेली, एका सीटची, भोवती पाइपचा रोल केज असलेली गाडी आणि शेवटी खड्डे, दगड, चिखल यातून चार तासांची एन्ड्युरन्स रेस. ड्रायव्हरही आपल्यातलाच, प्रोफेशनल कुणी नाही. टीममध्ये वेल्डिंग एकाने घेतलं, सस्पेन्शन सीनियर दादांनी घेतलं आणि जे कुणालाच नको होतं ते माझ्याकडे आलं. सेफ्टी! म्हणजे फायर एक्स्टिंग्विशर, सीट बेल्ट, किल स्विच आणि हेल्मेट.

हेल्मेटची पाळी आली तोवर पैसे संपत आले होते. एका शहरातल्या दुकानातून स्वस्तात एक मिळालं. काळं, चकचकीत, मागे मोठा स्नेल कंपनीचा स्टिकर. (स्नेल ही कंपनी नाही हे नंतर कळलं.) सगळे खूश. मी रूमवर येऊन सहज रूलबुक उघडलं, तर त्यात कोणते स्टिकर चालतील, कोणत्या सालाचे चालतील, सगळं दिलेलं. आणि वाचता वाचता कळलं की स्नेलचा खरा स्टिकर बाहेर मिरवायला नसतोच, तो आत, कापडी अस्तराखाली चिकटवलेला असतो. मी अस्तर उचकटलं. आत थर्मोकोल आणि किमतीची चिठ्ठी, बस! बाहेरचा स्टिकर नखाने निघून आला.

एका दादाचं म्हणणं पडलं, इन्स्पेक्शनला कोण अस्तर काढून बघतंय, चालवून टाकू. मी नाही म्हटलं. जोरात भांडण झालं. कारण साधं होतं. ते हेल्मेट जिच्या डोक्यावर चढणार होतं ती माझी रूममेट आहे. रात्री माझ्या शेजारच्या कॉटवर झोपते.

शेवटी सर आले. त्यांनी कुणाची बाजू घेतली नाही. मला एवढंच विचारलं की एका स्टिकरवर एवढा विश्वास का, तो देणारा कोण, आणि त्याला कुणी शिकवलं? मला एकाचंही उत्तर आलं नाही. म्हणून शोधत बसले, आणि शोधता शोधता स्नेलच्याही मागे उभा असलेला एक माणूस सापडला. सर ह्यू केर्न्स.

डॉक्टर मंडळींना, त्यातही मेंदूच्या सर्जनना, हे नाव चांगलं माहीत असतं. आपल्यासारख्यांना नाही, आणि खरं तर आपल्यालाच जास्त माहीत पाहिजे.

केर्न्सचा जन्म २६ जून १८९६ चा, ऑस्ट्रेलियातल्या पोर्ट पिरी नावाच्या बंदराच्या गावी. वडील सुतार, स्कॉटलंडहून आलेले. म्हणजे घर काही श्रीमंत नव्हे. लहानपण रिव्हर्टन नावाच्या छोट्या गावात गेलं. मग स्कॉलरशिपा मिळवत अ‍ॅडलेडला मेडिकलला. मधेच पहिलं महायुद्ध सुरू झालं, तेव्हा हा पोरगा शिक्षण अर्धं सोडून लष्करी हॉस्पिटलबरोबर लेम्नॉस बेटावर गेला, परत आला, १९१७ मध्ये डिग्री घेतली आणि डॉक्टर म्हणून पुन्हा युद्धावर, फ्रान्सला. आपण एक बॅकलॉग राहिला तर महिनाभर तोंड लपवतो, असो.

युद्ध संपल्यावर ऱ्होड्स स्कॉलर म्हणून तो ऑक्सफर्डला आला. तिथे १९२० च्या ऑक्सफर्ड-केंब्रिज बोट रेसमध्ये वल्हं मारायलाही बसला. रेसिंगची आवड होती म्हणायची! पुढे १९२६-२७ मध्ये अमेरिकेत बोस्टनला हार्वे कुशिंग यांच्या हाताखाली काम केलं. कुशिंग म्हणजे मेंदूच्या सर्जरीतले त्या काळचे द्रोणाचार्य. तिथून परत येऊन लंडनमध्ये केर्न्सनी फक्त मेंदूच्या सर्जरीला वाहून घेतलं. त्या वेळी इंग्लंडमध्ये असं करणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच होते.

आता गोष्टीत दुसरा माणूस येतो. तुम्ही लॉरेन्स ऑफ अरेबिया हा १९६२ चा सिनेमा पाहिला असेल किंवा नाव तरी ऐकलं असेल. तो खरा लॉरेन्स, टी. ई. लॉरेन्स. पहिल्या महायुद्धात अरबस्तानातला हीरो. नंतर प्रसिद्धीला कंटाळून नाव बदलून हवाई दलात साधा एअरमन झाला. त्या नोकरीत तो आपल्याकडे, म्हणजे तेव्हाच्या हिंदुस्थानात, कराचीला आणि मिरानशाहला होता आणि जानेवारी १९२९ मध्ये आपल्या मुंबईहूनच बोटीने इंग्लंडला परत गेला. या माणसाला बाइकचं वेड. साधी बाइक नव्हे, ब्रॉ सुपीरियर. एकामागून एक सात वापरल्या, आठवी ऑर्डर केली होती.

१३ मे १९३५. हवाई दलातून निवृत्त होऊन जेमतेम अडीच महिने झाले होते. बोव्हिंग्टनच्या पोस्टात तार करून तो बाइकवरून घरी निघाला. रस्ता उंचसखल होता, समोरचं दिसत नव्हतं. पुढे सायकलवर दोन मुलं. त्यांना वाचवताना बाइक घसरली आणि तो डोक्यावर पडला. हेल्मेट नव्हतं, तेव्हा साध्या रस्त्यावर कुणी घालतच नसे. लष्करी हॉस्पिटलमध्ये सहा दिवस तो बेशुद्ध होता. मोठमोठे डॉक्टर बोलावले गेले, त्यात ३८ वर्षांचे ह्यू केर्न्स होते. उपयोग झाला नाही. १९ मे रोजी लॉरेन्स गेला. वय ४६.

तुळजापूर-सोलापूर रस्त्यावर अशी बातमी आपण दर महिन्याला वाचतो आणि पेपर घडी करून ठेवतो. केर्न्सनी ठेवला नाही. एवढा नावाजलेला सर्जन, पण या पेशंटसाठी त्याच्या हातात काही नव्हतं, कारण जे व्हायचं ते हॉस्पिटलला पोचायच्या आधीच, रस्त्यावर, सेकंदाच्याही छोट्या भागात होऊन गेलं होतं. मला वाटतं इथेच त्यांच्यातला डॉक्टर थोडासा इंजिनिअर झाला. बिघाड झाल्यावर दुरुस्ती करणं वेगळं आणि लोड पोचायच्या आधीच अडवणं वेगळं.

मधल्या काळात त्यांनी अजून एक मोठं काम केलं. ऑक्सफर्डला मेडिकलचं मोठं केंद्र व्हावं म्हणून ते मागे लागले होते. पैसे दिले लॉर्ड नफील्ड यांनी, वीस लाख पौंड! नफील्ड म्हणजे मॉरिस कार बनवणारे विल्यम मॉरिस. सायकल दुरुस्तीपासून सुरुवात केलेला माणूस. केर्न्स १९३७ मध्ये तिथले सर्जरीचे पहिले नफील्ड प्रोफेसर झाले. म्हणजे गाड्या विकून आलेल्या पैशातल्या खुर्चीवर बसून त्यांनी गाड्यांवरून पडलेल्यांची डोकी वाचवली. मला ही गोष्ट फार आवडली.

मग दुसरं महायुद्ध. ऑक्सफर्डमधलं सेंट ह्यूज हे मुलींचं कॉलेज रिकामं करून तिथे डोक्याच्या जखमांचं लष्करी हॉस्पिटल सुरू झालं. युद्ध संपेपर्यंत तिथे सुमारे १३,००० जखमी येऊन गेले. केर्न्सनी ट्रकवर मावणारी ऑपरेशन थिएटरंही तयार करवली, आघाडीच्या मागोमाग जाणारी. १९४३ मध्ये आपल्या अ‍ॅडलेडच्याच फ्लोरी यांच्याबरोबर उत्तर आफ्रिकेत जाऊन जखमांवर पेनिसिलिन वापरून पाहिलं. ही प्रत्येक गोष्ट एकेका लेखाची आहे, पण मला हेल्मेटकडे परत यायचंय.

युद्धात निरोप पोचवायला डिस्पॅच रायडर असायचे, बाइकवरून कागदपत्रं घेऊन पळणारे पोरगे. विमानांच्या भीतीने सगळीकडे ब्लॅकआउट, हेडलाइट झाकलेले. हे पोरगे गोळीने कमी आणि खांबाला, ट्रकला धडकूनच जास्त मरत होते. केर्न्सनी मोजायला सुरुवात केली. ४ ऑक्टोबर १९४१ ला ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये त्यांचा पेपर आला. युद्धाआधीच्या २१ महिन्यांत ब्रिटनमध्ये १८८४ बाइकस्वार आणि मागे बसलेले मेले होते. युद्धाच्या पहिल्या २१ महिन्यांत तो आकडा २२७९ झाला. कॅल्क्युलेटर काढा, २१ टक्के वाढ. आणि मृत्यूचं सगळ्यात मोठं कारण डोक्याला मार.

पण त्या पेपरमधली खरी गंमत वेगळीच आहे. हेल्मेट घातलेला असताना अपघात झालेले पेशंट त्यांना मिळाले किती? सात. फक्त सात! आणि सातही जण जगले. आपल्या व्हायव्हाला सात रीडिंगवर निष्कर्ष काढला तर एक्स्टर्नल आपल्याला बाहेर काढेल. सॅम्पल लहान आहेच. पण त्यांनी त्या सात हेल्मेटांच्या खुणा आणि सात डोकी शेजारी शेजारी ठेवून पाहिली. कुठे आघात झाला, आतलं डोकं किती वाचलं. हे आपण ज्याला फेल्युअर अ‍ॅनालिसिस म्हणतो तेच आहे की!

पुढच्याच महिन्यात, नोव्हेंबर १९४१ मध्ये, ब्रिटिश लष्कराने ड्युटीवरच्या सगळ्या बाइकस्वारांना हेल्मेट सक्तीचं केलं. केर्न्स तिथे थांबले नाहीत. १९४३ मध्ये त्यांनी हेल्मेट घातलेल्या शंभराहून जास्त अपघातांचा अभ्यास छापला. लष्कराकडे दोन प्रकार होते, एक रबराचा आणि एक लगद्याचा. कोणता बरा, हे त्यांनी पेशंटवरून तपासलं. आणि १९४६ मध्ये सगळ्या युद्धाचा आलेख काढून दाखवला, सक्तीनंतर मृत्यू कसे उतरत गेले ते. सर ही पदवी त्यांना त्याच वर्षी मिळाली.

या कामात त्यांच्याबरोबर होल्बोर्न नावाचा एक फिजिक्सवाला होता. सर्जनने भौतिकशास्त्रज्ञाला सोबत घेतलं, हे त्या काळात विशेषच. होल्बोर्नने जिलेटिनचा मेंदू बनवून प्रयोग केले. त्याचं म्हणणं सोपं करून सांगते. खरवसाचा डबा घ्या. झाकण लावून सरळ आपटलात तर खरवस बऱ्यापैकी टिकतो, कारण तो पाण्यासारखाच, दाबला जात नाही. पण डबा झटकन गर्रकन फिरवला तर? डबा फिरतो, खरवस मागे राहतो आणि कडेने फाटतो. मेंदूचंही तसंच. शिअर! एस.ओ.एम. मध्ये रडत शिकलेला तोच शिअर. हे त्याने १९४३ मध्ये मांडलं. युरोपच्या ईसीई २२.०६ या नियमात हेल्मेट तिरकं आपटून डोकं किती गरकन फिरतं ते मोजायची टेस्ट आली, ती २०२० नंतर. म्हणजे पाऊणशे वर्षांहून जास्त काळ लागला.

केर्न्स १८ जुलै १९५२ रोजी ऑक्सफर्डला कॅन्सरने गेले, फक्त ५६ वर्षांचे. ब्रिटनमध्ये सगळ्या बाइकस्वारांना हेल्मेट सक्तीचं झालं १९७३ मध्ये. एकवीस वर्षांनी. त्यांनी ते पाहिलं नाही.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं बाइकचं झालं, कारच्या रेसचं काय? तर त्याच सुमारास अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये लोम्बार्ड नावाच्या संशोधकाने आणि त्याच्या सहकाऱ्याने १९५३ मध्ये नव्या हेल्मेटचं पेटंट मिळवलं. बाहेर कडक कवच, आत चुरडून ऊर्जा खाणारं अस्तर. आजचं प्रत्येक हेल्मेट याच पद्धतीचं. आणि १९५६ मध्ये पीट स्नेल नावाचा हौशी कार रेसर रेसमध्ये डोक्याला मार लागून गेला. हेल्मेट घातलं होतं, पण ते कुचकामी निघालं! त्याचे मित्र, त्यात जॉर्ज स्नाइव्हली नावाचे डॉक्टर, रडून थांबले नाहीत. बाजारातली हेल्मेटं आणून आपटून पाहू लागले. १९५७ मध्ये मित्राच्या नावाने फाउंडेशन काढलं, १९५९ मध्ये पहिलं स्टँडर्ड छापलं. म्हणजे स्नेल हे कंपनीचं नाव नाही, एका गेलेल्या मित्राचं नाव आहे. आमच्या त्या काळ्या हेल्मेटवर दुकानदाराने जे खोटं चिकटवलं होतं ना, ते हे.

मी हे सगळं सरांना सांगितलं. ते म्हणाले, आता खरेदीला जा.

या वेळी आम्ही दोघी गेलो, ती आणि मी. जे शिकलो ते थोडक्यात सांगते, पुढच्या बॅचच्या कामी येईल. स्नेलचे स्टिकर वेगवेगळे असतात. एम म्हणजे मोटरसायकल, एसए म्हणजे कार रेसिंग, के म्हणजे कार्टिंग. एसएमध्ये आगीची टेस्ट असते आणि रोल केजच्या पाइपवर डोकं आपटल्यासारखी टेस्ट असते, एममध्ये या दोन्ही नसतात. बाइकवरून माणूस बाहेर फेकला जातो, कारमध्ये तो पिंजऱ्यात अडकलेला असतो, हा फरक. आपल्याकडचा आयएसआय, म्हणजे आयएस ४१५१, हा दुचाकीसाठी आहे. रस्त्यावर तो हवाच, पण रेसला रूलबुक काय म्हणतं ते आधी बघायचं. स्टिकरवरचं सालही बघायचं, कारण जुनी सालं यादीतून बाद होतात. सेकंडहँड घ्यायचंच नाही. आतलं थर्मोकोल एकदा चुरडलं की परत फुगत नाही आणि वरून पेंट एकदम फ्रेश दिसतो.

थर्मोकोल एवढं महत्त्वाचं का, ते माझ्या रूममेटला मी वहीच्या मागच्या पानावर काढून दाखवलं. डोकं दोन मीटरवरून पडलं आणि काँक्रीटवर समजा दोन मिलिमीटरमध्ये थांबलं, तर सरासरी १००० जी. तेच पंचवीस मिलिमीटर चुरडत थांबलं तर ८० जी. उंची भागिले थांबायचं अंतर, एवढंच गणित. ती म्हणाली की म्हणजे माझा जीव तेवीस मिलिमीटरमध्ये आहे. मी हो म्हटलं. नंतर बराच वेळ आम्ही दोघी काही बोललो नाही.

टेपने भुवयांच्या वरून तिचं डोकं मोजलं. दुकानात तिने चार घालून पाहिली. जे पहिल्यांदा आरामशीर वाटलं ते नाकारलं, कारण नवं हेल्मेट गालाला घट्ट बसायला हवं. पट्टा आवळून मी मागून धरून पुढे ओढायचा प्रयत्न केला, निघालं तर फेल. दुकानातली माणसं हसत होती. पैसे आमच्या अंदाजाच्या दुपटीहून जास्त लागले. गाडीचा रंग रद्द केला, टी-शर्ट रद्द केले. टीममध्ये आठवडाभर माझ्याशी निम्मे जण बोलत नव्हते.

जुन्या हेल्मेटचं काय केलं ते सांगायचं राहिलं. दुकानदाराने परत घेतलं नाही. मग एका शनिवारी वर्कशॉपमध्ये बेंच व्हाइसला लावून आम्ही ते हॅकसॉने मधोमध कापलं. कापलं त्याच दादांनी, ज्यांना ते चालवून टाकायचं होतं. मी व्हर्नियर घेऊन उभी होते. कपाळाजवळ थर्मोकोल १९ मिलिमीटर, डोक्याच्या मागे ८, आणि एका बाजूला कानाच्या वर नुसता स्पंज. दादांनी व्हर्नियर माझ्या हातातून घेतलं, स्वतः परत मोजलं, आणि रीडिंग तेच आलं.